उत्तरेच्या खिडकीतला मोजा

सिल्वासाचा फ्लॅट रिकामा करायला मी दोन दिवसांची रजा घेतली होती. काम दीड दिवसात आटोपलं. बाबांना जाऊन वर्ष झालंय, आई आता माझ्याकडे नाशिकला असते, आणि नव्या मालकाला चावी हवी होती. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. पंखे, शेगडी, दोन लोखंडी कपाटं. भांडी शेजारी वाटली, रद्दी रद्दीवाल्याला दिली. शेवटी बाबांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण राहिला. तो गंजला होता. पाय लावून ओढला तेव्हा सुटला, आणि त्यातून तेलाचा वास आला.

खोबरेलाचा नाही, यंत्राच्या काळ्या तेलाचाही नाही. पॉलिस्टरच्या सुताला लावतात ते पातळ, किंचित गोडसर वासाचं तेल. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तो वास होता. बाबांच्या शर्टाच्या बाह्यांना, डब्याच्या पिशवीला, माझ्या वह्यांच्या कव्हरांनाही. शाळेत पहिल्या बाकावर बसले तरी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, ‘मसाट आली.’ मसाट म्हणजे आमच्या कारखान्याचं गाव.

खणात एका पिशवीत मोजा होता. गडद निळा, वीतभर लांब, दोन्ही बाजूंनी उघडा. त्याला टाच नाही, बोटं नाहीत. कोणाच्याही पायात कधी न गेलेला. एका टोकाला दोऱ्याने पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं होतं, ते आत दुमडून गेलं होतं. मी मोजा लगेच ओळखला. तो अजून या घरात असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आणि आदल्याच दिवशी पुण्याहून मुलीचा फोन आला होता. तिला एका विद्यापीठाने ऑनर्सच्या वर्गात बोलावलंय. निवडक मुलं, वेगळे प्राध्यापक, वेगळे तास. ‘आई, घेऊ का मी हे? मला जमेल का? तुला काय वाटतं?’

मला काय वाटतं ते माझ्याकडे तीसेक वर्षं तयार आहे. विशेष म्हणून जे हातात देतात ते आधी उलटं करून बघावं. पण मी म्हटलं, ‘घर आवरतेय. उद्या बोलू.’

आम्ही इथे आलो तेव्हा मी तिसरीत होते. बाबा जळगावकडचे, सूतगिरणीत तपासनीस होते. मसाटला नव्या कारखान्यात तपासणी विभाग उभा करायचा म्हणून त्यांना बोलावलं. आई पालघरकडची, तिला इथल्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. कारखान्यामागे सहा खोल्यांची चाळवजा वसाहत होती, तिला सगळे ‘क्वार्टर’ म्हणत. पुढे डांबरी रस्ता, मागे सागाची झाडं आणि त्यांच्या पलीकडे भाताची शेतं. यंत्रांचा घोंघाट दिवसभर चालायचा. तो इतका सतत असे की ऐकू येत नसे. लाइट गेली की मात्र सगळी वसाहत दारात येऊन उभी राहायची. अचानक कावळे, कोंबड्या, दूरच्या विहिरीवरचा पंप असं सगळं ऐकू यायला लागायचं. आई खडू हातात घेऊन म्हणायची, ‘गप्प झालं म्हणजे काहीतरी बिघडलंय.’

चैत्रात मागच्या झाडांखाली मोहाची फुलं पडायची. जवळच्या खेरडी गावच्या बायका पहाटेच टोपल्या घेऊन येत आणि फुलं वेचून नेत. परतताना आमच्या दारात पानांचे द्रोण नि रानभाजी ठेवत, बदल्यात ‘वेस्ट’ मागत. वेस्ट म्हणजे यंत्रावर तुटलेलं, गुंतलेलं सूत. ते पांढऱ्याशुभ्र ढिगांनी कारखान्यामागे पडलेलं असायचं. त्याने आम्ही काय नाही केलं! झोपाळा बांधला, कपडे वाळत घालायची दोरी केली, वालाच्या वेलांना आधार दिला, गणपतीला मखराची झालर केली. पतंग मात्र उडत नसे, ते सूत ताणलं की लांबतच जायचं. राखोलीला नदीवर गेलो की मुलं त्याच सुताला दगड बांधून पुलावरून पाण्याची खोली मोजायची. दगड तळाला लागला की नुसतंच सूत ताणलंय हे कधीच कळायचं नाही. तरी प्रत्येकाला आकडा सापडायचा, आणि तो मोठ्याने सांगितला जायचा.

बाबांचं काम त्या पांढऱ्या सुतात फरक शोधायचं. सूत पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं असे, त्याला कोन म्हणत. सगळे कोन दिसायला सारखेच. पण कुठल्या यंत्राची उष्णता जराशी जास्त झाली असली तर त्याचं सूत रंग जास्त पितं. ते पांढरं असेपर्यंत कळत नाही. मग बाबा काय करत, एका छोट्या गोल यंत्रावर पहिल्या कोनचं दोन बोटं विणायचे, त्यालाच जोडून दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. असा लांब मोजा व्हायचा. तो गडद निळ्या रंगात उकळायचा, वाळवायचा, आणि उत्तरेच्या खिडकीत धरून बघायचा. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, तो खोटं बोलत नाही, असं बाबा म्हणत. ज्या कोनचं सूत वेगळं, तिथे मोज्यावर पट्टा दिसायचा. मग तो कोन बाजूला.

‘बाजूला म्हणजे वाईट?’ मी एकदा विचारलं होतं.

‘वाईट कशाला? त्याचा लॉट वेगळा. साडीत मिसळला तर पट्टा येईल, एकटा विणला तर उत्तम.’

मी शाळेत पहिली यायची. हे मी फुशारकीने सांगत नाही, त्यासाठी काय लागतं ते मला नीट माहीत होतं. परीक्षकाला काय हवंय ते ओळखायचं आणि ते त्याच्या हातात द्यायचं. बारावीच्या प्रॅक्टिकलला पांढरी पूड देऊन त्यात कुठला क्षार आहे ते ओळखायला सांगत. मी वासावरून, रंगावरून, आणि प्रयोगशाळेच्या शिपाईमामांच्या भुवयांवरून आधी उत्तर ठरवायची. मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं लिहायची. पांढरा साका आला, हिरवी ज्योत आली. आली असो वा नसो.

बारावीचा निकाल लागला. एक्याण्णव-ब्याण्णवचं साल असावं. मग एका मोठ्या विद्यापीठाचं जाड पाकीट आलं. इंग्रजीत लिहिलं होतं की बी.एस्सी. ऑनर्सच्या वर्गासाठी माझा विचार होऊ शकतो, आईवडिलांना घेऊन भेटायला यावं. पाकीट पोस्टमनने चुकून शेजारी सविताबेनकडे दिलं. त्यांचे यजमान कारखान्यात फोरमन. त्यांनी पाकिटावरचा शब्द वाचला आणि आमच्या दारात येऊन उभे राहिले.

‘ओनर्स! भाभी, हा ओनर्सचा कोर्स आहे.’

आमच्या वसाहतीत ओनर म्हणजे शेठ. ‘आज ओनर येणार, मशिनं पुसा.’ ‘ओनरची गाडी उभी आहे, इथे सायकल लावू नका.’ दुसरा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. सविताबेन मागून आल्याच.

‘अरे दीकरी, हा तर शेठलोकांच्या पोरांचा कोर्स! त्यात तुझा नंबर कसा लागला?’

‘मार्कांवर,’ मी म्हटलं.

‘मार्कांवर कोण बोलावतं? डोनेशन मागशे, बघजो. आधी मीठं मीठं लिहितात.’

संध्याकाळपर्यंत अर्ध्या मसाटमध्ये झालं होतं की तपासणीवाल्या साहेबांची मुलगी शेठ व्हायला शिकणार आहे. आईने शब्दकोश काढला. मला वाटलं, आता अर्थ कळेल आणि प्रश्न मिटेल.

‘ऑनर म्हणजे मान,’ आईने वाचलं. मग कोश मिटला. ‘हे तर आणखी वाईट.’

‘वाईट काय त्यात?’

‘मी पहिली तीन वर्षं मानधनावर शिकवलंय. ज्या कामाचा पगार द्यायचा नसतो ना, त्याचा मान देतात.’

बाबा जेवत होते. ते म्हणाले, ‘आमच्याकडे पण मागच्या महिन्यात सोनेरी स्टिकर आले. एक्सपोर्ट क्वालिटी. खोका तोच, सूत तेच. मी विचारलं, तपासायचं काय? म्हणे, स्टिकर सरळ लागलाय का ते तपासा.’

‘म्हणजे जायचं नाही?’

‘असं कुठे म्हणू राहिलो मी? खोका उघडून पाहू.’

मला राग आला होता. त्या पाकिटात ‘निवडक’ हा शब्द दोनदा होता, मी मोजला होता. सगळ्या वसाहतीला त्याच्यात फसवणूक दिसत होती आणि मला तो शब्द पुन्हा पुन्हा वाचावासा वाटत होता. पण सात-आठ दिवसांत मीही बदलले. इतक्या मुलांमधून मीच का? साध्या वर्गात मी पहिली आलेच असते. तिथे सगळेच पहिले आलेले असणार. मग मी कितवी? हे पत्रात कुठेच लिहिलं नव्हतं. जे लिहिलेलं नव्हतं त्याचाच मला जास्त संशय येऊ लागला.

भेटीच्या आदल्या दिवशी रविवार होता. सकाळी बाबा कारखान्यातून आले, हातात हा मोजा. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला होती. आई पोह्यांना फोडणी देत होती. बाबांनी मोजा तळहातावर चढवला, उजेडात धरला.

‘यात सहा कोन आहेत. वेगळा कुठला, सांग.’

मी बघितलं. निळा, निळा, निळा. खालून वर, वरून खाली. पोहे परतून झाले, आईने झाकण ठेवलं, तरी मी बघत होते. मला उत्तर येत नाही असं कधी होत नसे. मग मला दिसला. तिसरा. थोडासा गडद, दोन बोटांचा पट्टा.

‘तिसरा,’ मी म्हटलं.

‘नक्की?’

‘नक्की. जास्त रंग प्यायलाय.’

बाबांनी मोजा हातावरून काढला, गुंडाळला. ‘बरं. उद्या विद्यापीठातल्या बाईंशी बोलताना एक कर. जे दिसेल तेच सांगायचं.’

मला वाटलं, शाबासकी आहे. दुसऱ्या दिवशी जाताना गाडीत मी त्याचा अर्थही लावून टाकला. तो तिसरा कोन म्हणजे मी. जास्त रंग पिणारी. मला वेगळ्या लॉटमध्ये काढणार आहेत. बाबांनी ते मला मोज्यातून सांगितलं. किती हुशार ते बाबा आणि किती हुशार मी!

विद्यापीठाची इमारत दगडी, थंड. जिन्यात वटवाघळांचा आणि ॲसिडचा वास. रसायनशास्त्राच्या बाई बुटक्या होत्या, पांढऱ्या कोटाच्या खिशाला भोकं पडलेली. त्यांनी आम्हाला चहा दिला, बीकरमधून नाही, कपातून, हे मी बघून घेतलं. बाबांनी आधी विचारलं.

‘बाई, तुमच्याकडे वेस्टेज किती?’

मी लाजेने खाली बघितलं. पण बाईंना प्रश्न समजला.

‘दर वर्षी तीन-चार मुलं साध्या वर्गात परत जातात. नापास नाही होत हो. एकच गोष्ट इतका वेळ धरून बसायचं त्यांना नको असतं. ज्यांना हवं असतं ती राहतात.’

‘आणि आधी ओळखू येत नाही कोणाला हवंय?’

‘मार्कांवरून नाही येत,’ बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. ‘क्षार ओळखण्याचे प्रयोग केलेस ना? कधी भलतंच काही आलं का? पुस्तकात नाही असं?’

मी ताठ बसले. ‘नाही मॅडम. माझं नेहमी बरोबर येतं.’

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. वहीत दोन शब्द लिहिले. वही माझ्याकडून उलटी होती, मला ते वाचता आले नाहीत.

‘जागा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पंधरा दिवसांत कळवा. फक्त एक सांगते. इथे असे प्रयोग असतात की उत्तर काय यायला हवं ते मलाही माहीत नसतं. चालेल तुला?’

त्या ‘चालेल तुला?’वर मी आठ दिवस जळत होते. मला तो टोमणा वाटला. माझं नेहमी बरोबर येतं असं सांगणाऱ्या मुलीला कोण विचारतं, चालेल का? त्या दोन शब्दांत काय लिहिलं असेल त्याचे मी शंभर तर्क केले, सगळे वाईट. वाटलं, ही मंडळी चांगली मुलं गोळा करतात, तीन-चार फेकतात, आणि राहिलेल्यांवर स्टिकर लावतात. सविताबेन म्हणाल्या, ‘मी बोलली हती ने?’ आई म्हणाली, ‘तुझं तू ठरव, पण मानाच्या मागे जाऊ नकोस.’ बाबा काहीच म्हणाले नाहीत. मला वाटलं, त्यांना माझं पटलंय.

नकाराचं पत्र मी स्वतः लिहिलं, सुरेख अक्षरात. पाकीट डकवताना बाबांनी एकदाच विचारलं, ‘नक्की?’

‘नक्की.’

‘मग ठीक.’ आणि सायकलवरून ते टाकायला गेले.

मी जवळच्या कॉलेजात गेले, तिन्ही वर्षं पहिली आले. मग औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. आजही मी तिथे कागद तपासते. प्रत्येक चाचणीपुढे काय यायला हवं ते आधीच छापलेलं असतं. आलं की सही. मी चांगलं काम करते. वाईट आयुष्य नाही. आणि इतकी वर्षं कुठेही कोणाला ‘विशेष’ म्हणून काही मिळालं की मी सांगत आलेय, मलाही बोलावलं होतं, पण मी ओळखलं, फसले नाही.

परवा तो मोजा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. फ्लॅट क्वार्टरमधला नव्हे, नंतर घेतलेला. पण बाबांनी बघून बघून उत्तरेची खिडकीच घेतली होती. तळहातावर मोजा चढवला आणि तिसरा पट्टा शोधला. निळा, निळा, निळा. चष्मा बदलला. रंग विटला असेल म्हणून आतून उलटा करून बघितला. उलटा करताना दुमडलेलं लेबल बाहेर आलं. बाबांचं बारीक, तिरकं अक्षर. लॉटचा नंबर, तारीख. त्या रविवारच्या आदल्या दिवसाची. आणि खाली: ‘सहाही एकसारखे. पट्टा नाही. पास.’

मी ओट्यापाशी उभी होते. बसायला खुर्चीही राहिली नव्हती.

म्हणजे बाबा पास झालेला मोजा घेऊन आले होते. मी काय करते ते त्यांना बघायचं होतं. ‘वेगळा काही दिसत नाही, बाबा,’ एवढंच म्हणायचं होतं. मी तिसरा म्हटलं, वर कारणही दिलं. त्यानंतर त्यांनी मला थांबवलं नाही, हसले नाहीत, कोणाला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, जे दिसेल तेच सांग. आणि दुसऱ्याच दिवशी मी बाईंना सांगितलं की माझं नेहमी बरोबर येतं. बाबा बाजूच्याच खुर्चीत होते, चहाचा कप हातात.

तो वर्ग मला मानवला असता का? ठाऊक नाही. कदाचित त्या तीन-चारांत मी असते, आणि नकार बरोबरच होता. पण बाईंच्या त्या प्रश्नात टोमणा होता असं मी इतकी वर्षं शपथेवर सांगत आलेय. आता तो प्रश्न आठवून बघते तर त्यात नुसता प्रश्न आहे. बिचाऱ्या विचारत होत्या, चालेल का. माझ्या डोळ्यांना पट्टा हवा होता, तो दिसला.

चार वाजता मुलीचा पुन्हा फोन आला.

‘आई, काय ठरवलंस?’

‘मी कोण ठरवणारी?’

‘अगं, तू नेहमी सांगतेस ना, तुलाही बोलावलं होतं आणि तू ओळखलंस म्हणून. मग सांग, यात काय गोम आहे?’

‘माहीत नाही.’

पलीकडे गप्प झालं. यंत्रं बंद पडल्यासारखं.

‘तू बरी आहेस ना?’ तिने विचारलं.

‘बरी आहे. शनिवारी घरी ये. एक वस्तू दाखवायचीय. ती उजेडात धरायची आणि त्यात काय दिसतं ते मला सांगायचं.’

‘परीक्षा आहे का ही?’

‘हो. आणि काही दिसलं नाही तर काही दिसलं नाही असं सांगायचं. तेही उत्तर असतं.’

‘हे आधीच सांगितलंस तर परीक्षा कसली, आई?’

तिचं म्हणणं बरोबर होतं. बाबांनी असलं काही सांगितलं नव्हतं. मी लेबल दाताने तोडलं, पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात टाकलं, आणि मोजा तेलाच्या वासासकट पिशवीत घालून चावी द्यायला खाली उतरले.